तलावाकाठची जमीन उद्यानासाठी महापालिकेला देताना

आमच्या कुटुंबाची तलावाकाठची सुमारे एक हेक्टर जमीन फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदीखताने महापालिकेकडे गेली आणि शेजारच्या सार्वजनिक उद्यानाच्या विस्तारात सामील झाली. या कामाला आम्ही जानेवारी २०२१ मध्ये हात घातला होता. मधल्या काळात ज्या गोष्टी आधी कळल्या असत्या तर मनःस्ताप कमी झाला असता, त्या येथे क्रमाने लिहून ठेवत आहे. महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात हिरव्या रंगाने दाखवलेली अशी आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनी, आहेत आणि त्यांच्यामागे सातबाऱ्यावर कोणाचे तरी आजोबा, काका, आत्या आहेत. सहहिस्सेदारांची ओळख उघड होऊ नये म्हणून शहराचे व तलावाचे नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील मध्यम आकाराचे एक शहर, एवढे पुरे.

ही जमीन माझ्या आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. पूर्वी तेथे शाळू होत असे. शहर वाढत गेले, विहिरीचे पाणी बिघडले आणि पुढे नुसते गवत राहिले. जमिनीच्या पश्चिमेला महापालिकेचे जुने उद्यान आणि पूर्वेला तलाव, त्यामुळे उद्यानाला पाण्यापर्यंत पोहोचायचे असेल तर वाट आमच्याच जमिनीतून होती. २००९ मध्ये अंतिम मंजुरी मिळालेल्या विकास आराखड्यात आमच्या गटावर ‘उद्यान विस्तार’ असे आरक्षण पडले. आरक्षण पडल्याने मालकी जात नाही, पण बांधकाम परवानगी मिळत नाही, बँक तारण घेत नाही आणि खरेदीदार येत नाही. महापालिकाही पैसे देऊन जमीन घेत नव्हती. आमच्या घरातील दोन कर्ती माणसे ही अवस्था पाहतच वारली.

जानेवारी २०२१ मध्ये एक विकसक चुलतभावाकडे आला. त्याचे म्हणणे असे की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली सूचना द्यावी, आरक्षण व्यपगत (मुदत टळल्याने रद्द) करून घ्यावे आणि मग जमीन त्याला विकसनासाठी द्यावी. हे कलम नीट समजून घेतल्याखेरीज कोणीही पुढे जाऊ नये, म्हणून ते थोडक्यात सांगते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही किंवा तिच्या संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालकाला हक्काच्या कागदपत्रांसह नियोजन प्राधिकरणाला सूचना देता येते. व्यवहारात सगळे तिला पर्चेस नोटीस म्हणतात. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही आणि तसे पाऊलही उचलले गेले नाही, तर आरक्षण संपुष्टात आले असे मानले जाते. पूर्वी ही मुदत कमी होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिन्यांची झाली. अनेक जुन्या मजकुरांत व काही वकिलांच्या तोंडीही जुनीच मुदत असते, तेव्हा अधिनियमाची अद्ययावत प्रत पाहावी.

विकसक येऊन गेला त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन मते पडली. चुलतभावाला जमिनीची पूर्ण बाजारभावाने किंमत हवी होती आणि त्यात गैर काहीच नव्हते. त्याच्या दोन मुलांची शिक्षणे बाकी होती. आत्याचे मत वेगळे होते. तिचे सासर कोल्हापूरचे, आणि रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी चार माणसांत बसण्याचे सुख तिने वर्षानुवर्षे घेतलेले. ती म्हणाली, “तळ्याकाठची जागा सगळ्यांची असावी, पण आपल्याला भीक म्हणून नको, रास्त दाम मिळावा.” पुढची चार वर्षे आम्ही जे काही केले ते याच एका वाक्याच्या आधाराने केले असे मी म्हणेन, कारण त्यात बाग आणि दाम हे दोन्ही होते आणि एकाला धरून दुसऱ्याला सोडण्याची घाई नव्हती.

सर्वप्रथम आम्ही नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घेतला. सातबाऱ्यावरील संपूर्ण गट आरक्षणात आहे की त्याचा काही भाग, हे त्याशिवाय कळत नाही. नंतर जुने फेरफार काढायला बसलो, आणि खरे काम तेथे सुरू झाले. १९८३ मध्ये आजोबा मृत्युपत्र न करता वारले तेव्हा तिन्ही मुलांची नावे कब्जेदार, म्हणजे मालक, म्हणून लागली आणि आत्याचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले. आमच्या भागात तेव्हा सर्रास असेच होत असे. प्रत्यक्षात जमीन आजोबांची स्वकष्टार्जित असल्याने १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आजी आणि चारही अपत्ये सारख्याच हिश्शाचे वारस होते. ओळखीच्या दोघा-तिघांनी आत्याकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका म्हणजे काम सोपे होईल असे सुचवले. आम्ही ते मानले नाही. आत्याचे नाव योग्य रकान्यात आणण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज केला, सर्वांनी संमतीचे जबाब दिले, आणि काही महिन्यांनी ती कब्जेदार सदरी आली. बहिणीचा हिस्सा कागदावर स्पष्ट नसेल तर महापालिकेचा विधी विभाग पुढे कधी ना कधी तेथेच थांबतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तिचा हक्क आहे, आणि कामाच्या सोयीसाठी तो सोडायला तिला सांगू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण जुन्या बोजाची होती. गावच्या विकास सोसायटीचे सत्तरच्या दशकातील पीककर्ज केव्हाच फिटले होते, पण इकराराची (जमीन तारण दिल्याची) नोंद सातबाऱ्यावर तशीच होती. दरम्यान ती सोसायटी दुसरीत विलीन झालेली, त्यामुळे कर्ज निरंक असल्याचा दाखला कोणी द्यायचा हेच ठरेना. शेवटी विलीन झालेल्या संस्थेच्या सचिवांनी जुन्या नोंदवह्या पाहून दाखला दिला आणि तलाठी कार्यालयातून बोजा कमी झाला. रक्कम अवघी काही शे रुपयांची होती. तेवढ्यासाठी २०२१ चा पावसाळा गेला. वडिलांच्या व धाकट्या काकांच्या वारस नोंदीही याच काळात करून घेतल्या. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण आहे त्यांनी महापालिकेची हालचाल होण्याची वाट न पाहता ही घरची कामे आधी उरकावीत. वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल, नकला आणि पुढे दिलेली जाहीर नोटीस यांवर आमचे एकूण सुमारे ३५ हजार रुपये गेले; मोजणीचे शुल्क वेगळे.

मोजणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तलावाकाठच्या जमिनीत सारे काही हद्दीवर अवलंबून असते. २०२२ च्या सुरुवातीला आम्ही भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज केला आणि मे महिन्यात मोजणी झाली. उन्हाळ्यात पाणी बरेच मागे सरकलेले असते. त्या दिवशी कोरडी दिसणारी सगळी जमीन आपली, असे मालकाला वाटते. आणि पावसाळ्यात आलेला अधिकारी पाण्याखाली दिसणारी सगळी जमीन तलावाची समजतो. हे दोन्ही समज अपुरे आहेत. तलावाची पूर्ण संचय पातळी सांडव्याच्या माथ्यावरून ठरते. आमच्या सुदैवाने महापालिकेच्या अभियंत्याने सांडव्यापासून पातळी घेत घेत ती रेषा काठावर आणली आणि फक्कीने आखून दिली. भूमापकाने तीच रेषा मोजणी नकाशावर घेतली. सातबाऱ्यावर १ हेक्टर ९ आर असलेल्या आमच्या गटापैकी सुमारे ११ आर जमीन त्या रेषेच्या आत, म्हणजे पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारी निघाली. तिच्यातील बराचसा भाग पूर्वीपासून पोटखराबात, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून, नोंदलेला होता.

या ११ आरांनी आमचे आणि महापालिकेचे बरेच महिने घेतले. पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचे पैसे सार्वजनिक निधीतून कसे द्यायचे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्त होता. ती पट्टी व्यवहारातून वगळून उरलेलीच जमीन घ्यावी, अशी पहिली टिपणी तयार झाली. वरवर पाहता त्यात आमचे काहीच नुकसान नव्हते. पण नकाशा समोर ठेवून पाहिल्यावर ध्यानात आले की तसे झाले असते तर उद्यान आणि पाणी यांच्यामध्ये आमच्या नावाची एक लांबट पट्टी कायमची राहिली असती. उद्या आमच्या पुढच्या पिढीतील कोणी ती विकली, तीवर कुंपण घातले किंवा भराव टाकला, तर तलावाकाठचे उद्यान तलावाला टेकलेच नसते. आम्ही लेखी विनंती केली की ही पट्टीही खरेदीखतात घ्यावी, तिचे मूल्य नाममात्र धरले तरी आमची हरकत नाही. शेवटी तसेच ठरले आणि पट्टी स्वतंत्र परिशिष्टात, स्वतंत्र क्षेत्र दाखवून समाविष्ट झाली. तलावाकाठची जमीन देणाऱ्या प्रत्येकाने मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हातात आली की हा मुद्दा आधी पाहावा. क्षेत्र लहान असते, पण बागेचा पाण्याशी असलेला संबंध त्याच पट्टीवर ठरतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही कलम १२७ ची सूचना दिली. जमीन द्यायचीच होती तर सूचना कशाला, असे अनेकांनी विचारले. आमच्या वकिलांचे म्हणणे पटण्यासारखे होते: सूचनेमुळे २४ महिन्यांची मुदत सुरू होते, आणि मुदत असलेल्या कामाला कार्यालयात अग्रक्रम मिळतो. सूचनेसोबत आम्ही वेगळे पत्र जोडले की कलम १२६ प्रमाणे परस्पर संमतीने जमीन देण्याची कुटुंबाची तयारी आहे. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, शोध अहवाल, सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या हे सारे जोडून आवक विभागात पोच घेतली आणि दुसरी प्रत नोंदणीकृत टपालानेही पाठवली. आवक क्रमांक व तारीख असलेली ती पोच आम्ही पुढे प्रत्येक पत्रात संदर्भ म्हणून लिहिली. मालकी दाखवणारा एखादा कागद कमी असेल तर सूचनेच्या वैधतेवरच आक्षेप येऊ शकतो, म्हणून येथे घाई करू नये.

कलम १२६ मध्ये जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत. ठरलेली रक्कम देऊन करार करणे, रकमेऐवजी चटई क्षेत्र किंवा विकास हक्क (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देणे, आणि तेही न जमल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन करणे. महापालिकांचा कल साहजिकच दुसऱ्या मार्गाकडे असतो, कारण त्यात तिजोरीतून पैसे जात नाहीत. सर्वांच्या तोंडी असलेला टीडीआर तो हाच. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रिकृत नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या जमिनीला साधारणपणे क्षेत्राच्या दुप्पट विकास हक्क मिळतात. आम्हालाही तोच प्रस्ताव प्रथम आला. पुण्यामुंबईत त्याला चांगली मागणी असते. आमच्या शहरात मात्र विकास हक्क प्रमाणपत्र घेऊन ते विकायला कित्येकांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली होती. सत्तरी ओलांडलेल्या आत्याला आणि काकांना असे प्रमाणपत्र हातात ठेवण्यात अर्थ वाटला नाही. शिवाय त्या मार्गाने जाताना मालकाने जमीन सपाट करून सीमाभिंत बांधून द्यायची असते, आणि तलावाच्या उताराची जमीन भराव टाकून सपाट करणे मला पटणारे नव्हते. आम्ही टीडीआरला लेखी नकार देऊन रोख रकमेचा करार मागितला. ज्या शहरात हक्कांना बाजार आहे तेथे एखाद्या कुटुंबाने वेगळा निर्णय घेतला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

त्यानंतर दीर्घ शांतता आली. उद्यान विभागाचा अनुकूल अभिप्राय डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला, पण २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या शीर्षाखाली आमच्या प्रकरणाला तरतूद नव्हती. तरतूद नाही म्हणजे फाइल हलत नाही, हे आम्हाला एका जुन्या लेखापालांनी शांतपणे समजावून सांगितले. विभागांच्या मागण्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकत्र होतात आणि अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. त्यामुळे पत्र लिहायचे तर दिवाळीच्या आगेमागे लिहावे. मार्चमध्ये केलेला पाठपुरावा पुढच्या वर्षावर जातो. त्या वर्षी मला फार निराशा आली होती. वडिलांचे नाव घेऊन अनोळखी टेबलांपुढे उभे राहणे, प्रत्येक बदलून आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सांगणे, आणि घरी आल्यावर चुलतभावाला “अजून काही नाही” म्हणणे हे सोपे नव्हते.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लगतच्या वसाहतींत रात्रीतून पाणी शिरले. ती दृश्ये पाहून आमच्या घरातील चर्चेचा सूर बदलला. तलावाकाठी घरे बांधली तर त्यांत राहणाऱ्यांचे काय होते, हे चुलतभावाने स्वतःच बोलून दाखवले. पुण्याची सारसबाग तर जुन्या तलावाच्या जागेवरच उभी आहे, तेव्हा बागेसाठीही तलाव बुजवला जाऊ शकतो ही भीतीही मी तेव्हाच मांडली. म्हणून ऑक्टोबरच्या पत्रात आम्ही एक परिच्छेद वाढवला: काठाच्या बाजूला भराव व पक्की भिंत नसावी, पाणथळ पट्टी तशीच राखावी. विक्रेत्याला अशी अट घालण्याचा फारसा अधिकार नसतो, पण विनंती नोंदीवर राहते आणि उद्यानाचा आराखडा करणारा वास्तुविशारद ती वाचतो.

त्याच सुमारास वकिलांनी दोन दैनिकांत हक्क तपासणीची जाहीर नोटीस दिली. आम्हाला वाटले होते की कोणीच येणार नाही. तलावात मासेमारीचा ठेका असलेल्या स्थानिक मच्छीमार संस्थेची हरकत आली. त्यांच्या सभासदांच्या होड्या आणि जाळी दोन पिढ्यांपासून आमच्या बांधावरून पाण्यात जात होती, आणि उद्यान झाल्यावर फाटक बंद झाले तर त्यांनी जायचे कोठून, असे त्यांनी लिहिले होते. आमच्या आजोबांनी तोंडी दिलेली ती वाट होती. कागदावर तिचा कोठेही उल्लेख नव्हता. वकिलांच्या मते हरकत कायद्याने टिकणारी नव्हती. तरी आम्ही संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनाही बोलावले आणि उत्तर कडेने तीन मीटर रुंदीची वाट नकाशावर दाखवण्याचे ठरले. संस्थेने हरकत मागे घेतली. हे काम लवादाने किंवा न्यायालयाने झाले असते तर आणखी किती वर्षे गेली असती ते सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अंदाजपत्रकात तरतूद आली. मुदत संपलेल्या लोकनियुक्त सभागृहाच्या जागी प्रशासक होते, त्यामुळे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे करारासाठी स्थायी समितीची जी मान्यता लागते, ती प्रशासकांच्या ठरावाने मिळणार होती. पण १६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जूनपर्यंत सारे थांबले. मूल्यांकनाचे काम तेवढे चालू राहिले. नगररचना विभागाने वार्षिक मूल्यदर तक्त्यांवरून (रेडी रेकनर) मूल्य काढले आणि २०१३ च्या कायद्याने संपादन केले असते तर किती खर्च आला असता याचाही हिशेब मांडला. त्या कायद्यात बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. करारातील रक्कम या हिशेबापेक्षा थोडी कमी ठरली. सर्वांच्या संमतीशिवाय आकडा लिहिणे योग्य नाही, पण विकसकाने तोंडी सांगितलेल्या रकमेपेक्षा ती बरीच कमी होती, हे लपवण्याचे कारण नाही.

आणि मग ऑगस्ट २०२४ आला. सूचनेची २४ महिन्यांची मुदत संपत होती. जुलैत प्रशासकांचा ठराव झाला होता, पण करार व्हायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात नुसत्या ठरावाला किंवा पत्रव्यवहाराला संपादनाचे पाऊल मानता येत नाही असे म्हटले होते. त्याचा आधार घेऊन आरक्षण व्यपगत झाल्याचा दावा करता आला असता, आणि तो बहुधा टिकलाही असता, असे वकिलांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. त्या आठवड्यात घरात सर्वांची बैठक झाली. चुलतभावाने कागदावर दोन्ही आकडे लिहून आणले. कोणीही कोणाला दोष दिला नाही, आवाज चढला नाही. त्याने त्याच्या मुलांचा खर्च मांडला, आत्याने तिचे म्हणणे पुन्हा सांगितले, काका बराच वेळ काही बोलले नाहीत. अखेर चुलतभावानेच सांगितले की न्यायालयात जाऊन जिंकलो तरी त्या काठावर इमारत उभी राहिलेली त्याला पाहवणार नाही. मात्र पैसे याच आर्थिक वर्षात मिळाले पाहिजेत. ही त्याची अट पूर्णपणे न्याय्य होती आणि आम्ही ती महापालिकेला लेखी कळवली. आर्थिक गरज असूनही त्याने घेतलेला तो निर्णय आमच्या घरातील सर्वांत मोठा होता, असे मी मानते.

पुढचे काही महिने कराच्या प्रश्नात गेले. शहराच्या हद्दीतील शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता असते. सक्तीचे संपादन आणि संमतीने केलेली खरेदी यांना मिळणाऱ्या सवलती सारख्या नाहीत. २०१३ च्या कायद्यातील कलम ९६ ची करमाफी आपल्या कराराला लागू होते की नाही, हे कराराच्या शब्दांवर अवलंबून असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्याचे दर बदलले होते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तींना महागाई निर्देशांकासह २० टक्के किंवा निर्देशांकाविना १२.५ टक्के यांपैकी कमी पडेल तो कर, अशी सोय होती. सनदी लेखापालाचा लेखी सल्ला किंमत ठरण्याआधीच घ्यावा, नंतर घेतला तर करारातील एकही शब्द बदलता येत नाही. भांडवली नफा मोजण्यासाठी १ एप्रिल २००१ च्या मूल्याचा मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा अहवालही आम्ही याच वेळी करून घेतला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागून पुन्हा खंड पडला. डिसेंबरात खरेदीखताचा मसुदा आला. तो विधी विभाग, मालमत्ता विभाग, लेखा विभाग असा फिरत असताना कोणीतरी सुचवले की एप्रिलमध्ये मूल्यदर वाढतील, तोवर थांबा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी राज्याने दर वाढवले नव्हते, त्यामुळे वाढीची शक्यता होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते खरोखर वाढलेही. तरी आम्ही थांबलो नाही. ३१ मार्चला तरतूद व्यपगत झाली असती तर सगळी साखळी पुन्हा जुळवावी लागली असती, आणि आत्याची प्रकृती ढासळत चालली होती.

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी फेब्रुवारीत झाली. मुद्रांक व नोंदणीचा खर्च महापालिकेने करावा असे मसुद्यातच होते. आत्याला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून गृहभेटीचा अर्ज केला; ठरावीक शुल्क भरल्यावर निबंधक कार्यालयाचे अधिकारी घरी येऊन वृद्ध किंवा आजारी व्यक्तीचा कबुलीजबाब घेतात. ही सोय अनेकांना ठाऊक नसते आणि कुलमुखत्यारपत्राच्या भानगडीपेक्षा ती कितीतरी चांगली. तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, कारण वयामुळे रेषा झिजल्या होत्या. हात कोमट पाण्यात धुऊन, पुसून, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केल्यावर अंगठा घेतला गेला. प्रत्येक सहहिस्सेदाराची रक्कम त्याच्या हिश्शाप्रमाणे थेट त्याच्या खात्यात आली. एकाच खात्यात घेऊन मग वाटप करणे आम्ही कटाक्षाने टाळले.

ताबा पावती त्याच महिन्यात झाली. त्यानंतरही काम उरते, ते विक्रेत्यांनी सोडून देऊ नये. सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या खरेदीखताच्या सारांशाची) प्रत घेऊन फेरफार नोंदीचा पाठपुरावा केला. हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीची मुदत संपली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी जूनमध्ये नोंद प्रमाणित केली. जोवर सातबाऱ्यावर आपले नाव आहे तोवर शेतसाऱ्याची मागणीही आपल्यालाच येते आणि त्या जागेवर काही अपघात घडला तर विचारणाही आपल्याकडेच होते. आता कब्जेदार सदरी महापालिकेचे नाव आहे, पाण्याखालच्या ११ आरांसह. उद्यान विभागाने रस्त्याच्या बाजूने जाळीचे कुंपण घातले आहे, काठाची बाजू मोकळी ठेवली आहे आणि करंज, अर्जुन व वाळुंजाची रोपे लावायला घेतली आहेत. वारकरी आणि टिबुकली हे पाणपक्षी तेथे आधीपासूनच असतात. मच्छीमारांची तीन मीटरची वाट मंजूर नकाशात आली असली तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तिची नोंद अजून झालेली नाही. त्यासाठीचा अर्ज संस्थेने दिला आहे आणि त्याला आम्ही आमचे संमतिपत्र जोडले आहे.